गावच्या मैदानावर मुलींची वेळ : खो-खो आणि कबड्डीचा गट कसा उभा करावा

सातवीपर्यंत शाळेच्या मैदानावर मुलांच्या बरोबरीने पळणारी मुलगी आठवी-नववीत मैदानाच्या कडेला उभी दिसते आणि दहावीनंतर कडेलाही दिसत नाही. गावात विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "मुलींनाच आवड नाही." हे खरं नाही. संध्याकाळी घरी भांडी आणि पाणी वाट बघत असतं, मैदानाजवळ आडोसा नसतो, अंगावर गणवेश आणि ओढणी असते, परतताना अंधार पडलेला असतो. या चार गोष्टी सोडवल्या की मुली येतात. त्या तशाच ठेवून साहित्य आणलं तर ते पंचायतीच्या कपाटात धूळ खातं. म्हणून इथे मैदानाची मापं नंतर येतील. घड्याळ, संडास आणि कपडे आधी.

हे सगळं दोन-चार हजार वस्तीचं, दहावीपर्यंत शाळा असलेलं गाव डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. सुरुवातीला तीन माणसं पुरतात : शाळेतल्या एक शिक्षिका किंवा शिक्षक, बचत गटातली एखादी बोलकी ताई आणि गावातली कॉलेजात जाणारी एक मुलगी.

मुलीचा दिवस कागदावर मांडा

आठवी ते दहावीच्या पंधरा-वीस मुलींना एकेक कोरा कागद द्या. उठल्यापासून झोपेपर्यंत कोणत्या वेळी काय करता, ते त्यांनीच लिहायचं. पाणी, झाडलोट, धाकट्या भावंडाला सांभाळणं, शाळा, शिकवणी, भाकरी, गोठा. सगळे कागद शेजारी ठेवले की मोकळी जागा आपोआप दिसते. बहुतेक गावांत ती शाळा सुटल्याबरोबरची असते, म्हणजे पाच ते सव्वासहा. इथे एक गोष्ट पक्की धरून चाला : घरी पोचलेली मुलगी परत मैदानावर येत नाही. दप्तर ठेवलं की काम हातात पडतं. म्हणून सराव शाळेतूनच थेट सुरू झाला पाहिजे. दप्तरं वर्गात ठेवायची, कपडे तिथेच बदलायचे.

वेळ वर्षभर एकच ठेवू नका. डिसेंबरात मुंबई-कोकणात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, नागपूर-गोंदियाकडे साडेपाचच्या सुमारास. नोव्हेंबर ते जानेवारी सराव पाऊण तासाचा करा किंवा मुख्याध्यापकांशी बोलून शेवटचा तास खेळाचा करून घ्या. एप्रिल-मेमध्ये सकाळी सव्वासहा ते साडेसात. मराठवाड्यातल्या ऊसतोडीच्या गावांत दिवाळीच्या आसपास काही मुली आईवडिलांबरोबर जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. त्यांची नावं हजेरीतून काटू नका. परतल्यावर त्यांच्यासाठी गट पुन्हा सोप्या खेळापासून सुरू करा; नाहीतर मागे पडल्याच्या लाजेने त्या येणारच नाहीत.

आठवड्यातून तीन दिवस पुरे. रोजचा सराव ठेवला की तिसऱ्या आठवड्यात घरून तक्रार येते, आणि ती रास्तही असते.

मैदानाचा हक्क लेखी घ्या

मैदान सगळ्यांचं असतं, पण संध्याकाळी ते क्रिकेटच्या मुलांचं असतं. तोंडी समजूत दोन आठवडे टिकते. नंतर एखादी स्पर्धा जवळ येते, पिच मधोमध पडतं आणि मुली कडेला जातात. म्हणून ग्रामसभेचा ठराव करून घ्या.

महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. विषय आधी तिथे मांडा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या नेहमीच्या ग्रामसभांपैकी जी जवळ असेल, तिच्या दहा-बारा दिवस आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ठरावाचा मसुदा तुम्हीच लिहून न्या. सभेत तोंडी सांगितलेलं नंतर दोन ओळींत गुंडाळलं जातं. मसुदा असा चालेल :

"गावातील खेळाचे मैदान दर सोमवार, बुधवार व शुक्रवार सायंकाळी ५ ते ६.३० या वेळेत मुली व महिलांच्या खेळासाठी राखून ठेवण्यात यावे. या वेळेत अन्य खेळ, वाहने लावणे, मंडप घालणे अथवा धान्य वाळवणे यांस परवानगी नसावी. देखरेखीसाठी तीन महिलांची समिती नेमण्यात येत आहे."

खाली सूचक, अनुमोदक आणि समितीतल्या तिघींची नावं. ठरावाची नक्कल शिक्क्यासह घ्या, वेळापत्रक मैदानाच्या भिंतीवर रंगवा. क्रिकेटच्या मुलांशी भांडण नको. उरलेले चार दिवस त्यांचे आहेत हेही त्याच भिंतीवर लिहा.

पैशाचा विषय त्याच सभेत काढा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. "खेळाला मदत करा" असं मोघम मागितलं तर काही मिळत नाही. यादी द्या : संडासाला दार आणि आतून कडी, ३० मीटरची मोजपट्टी, दोन शिट्ट्या, एक स्टॉपवॉच, फक्कीची दोन पोती, प्रथमोपचार पेटी, माती. मोठ्या कामासाठी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकास अनुदानाच्या योजना असतात. त्यांना जागेची कागदपत्रं लागतात, म्हणून सातबारा किंवा नमुना आठचा उतारा आधीच काढून ठेवा.

आडोसा, पाणी, कपडे

संडास मैदानापासून दोन-तीन मिनिटांच्या आत हवा. तो "आहे" एवढं पुरत नाही. सराव सुटण्याच्या वेळी स्वतः जाऊन बघा. शाळा सुटली की त्याला कुलूप लागतं का? आत पाणी आहे का? आतून कडी बसते का? झाकणाचा डबा आहे का? बहुतेक ठिकाणी अडचण कुलपाचीच असते. किल्ली समितीतल्या ताईकडे द्या.

कपड्यांवर आग्रह धरू नका. पूर्ण लांबीची ट्रॅक पँट आणि बाह्यांचा सैल टी-शर्ट हा बहुतेक घरांना चालणारा पर्याय आहे आणि मातीत गुडघे-कोपरं वाचवायलाही तोच चांगला. आखूड पँट घालायची की नाही ते मुलगी आणि तिचं घर ठरवेल. ओढणी मात्र काढावीच लागते. ती अडकते, आणि तिची टाचणी तर डोळ्याला, गळ्याला धोक्याची. ओढणी ठेवायला जागा आणि मैदानाच्या रस्त्याकडच्या बाजूला हिरवी नेट असली की मुली ती आपणहून काढतात.

ज्या गोष्टीवर कुणी बोलत नाही ती म्हणजे आतले कपडे. नीट आधार नसेल तर पळताना दुखतं, लाज वाटते आणि मुलगी "पोटात दुखतंय" म्हणून बसून राहते. स्पोर्ट्स ब्रा ही चैन नाही, बुटांइतकीच गरज आहे. तालुक्याच्या बाजारातून ताईने वेगवेगळ्या मापांच्या आणाव्यात. छातीच्या खालचा घेर आणि छातीचा घेर अशी दोन मापं बंद खोलीत बाईनेच घ्यायची. घातल्यावर दोन बोटं पट्टीखाली जावीत आणि उडी मारल्यावर पट्टी वर सरकू नये. प्रत्येकीला दोन लागतात, धुवायला एक आणि घालायला एक.

दागिने घरीच. बांगड्या, कानातलं, पैंजण, नाकातली चमकी, केसांतल्या लोखंडी पिना, सगळं. कबड्डीच्या नियमातही दागिने चालत नाहीत आणि नखं कापलेली लागतात. सोनं मैदानावर हरवलं तर त्या घरची मुलगी दुसऱ्या दिवशी येत नाही, म्हणून "डब्यात ठेवू" असंही म्हणू नका.

पाळी आणि रक्त

पाळीत खेळायला वैद्यकीय बंदी नाही, पण खेळायलाच हवं असंही नाही. नियम एकच : कारण विचारायचं नाही. जिला त्या दिवशी पळायचं नाही ती गुण मोजेल, शिट्टी वाजवेल, पण हजर राहील. पेटीत पॅड, जुनं वर्तमानपत्र आणि एक जास्तीची गडद पँट ठेवा. काही घरांत त्या दिवसांत बाहेर जाऊ देत नाहीत. तिथे वाद घालून मुलीची अडचण वाढवू नका, दोन दिवसांनी तिला परत आणणं महत्त्वाचं. पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नसेल किंवा सुरू झालेली तीन महिने थांबली असेल, तर आईशी बोलून डॉक्टरांकडे पाठवा.

"दोन फेऱ्यांत दमते" म्हणजे आळशी असं समजू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्क्यांच्या रक्तात हिमोग्लोबिनची कमतरता आढळली. म्हणजे तुमच्या वीस मुलींत दहा-बारा तशा असू शकतात. सराव सुरू करण्याआधी आशाताईंशी बोलून प्राथमिक आरोग्य केंद्रात सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. १२ ग्रॅमच्या खाली असेल तर उपचार, ८ च्या खाली असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत पळणं नाही. शाळेत मिळणारी आठवड्याची लोहाची गोळी मुली पुष्कळदा टाकून देतात, कारण रिकाम्या पोटी मळमळतं. ती जेवणानंतर घ्यायची आणि तिच्या मागेपुढे तासभर चहा नको.

शाळेत दुपारी खाल्लेलं पाचपर्यंत जिरलेलं असतं. सरावाआधी मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा किंवा एक शेंगदाण्याचा लाडू मिळाला तर शेवटच्या वीस मिनिटांतला फरक डोळ्यांना दिसतो. बचत गटाला हे काम द्या.

घरची परवानगी

पालकसभा मैदानावरच घ्या, वडिलांना मुद्दाम बोलवा आणि अर्ध्या तासात संपवा. भाषण नको. चार प्रश्न येतात, त्यांची उत्तरं तयार ठेवा. "कोण बघतं?" : समितीतल्या दोन बायका रोज हजर असतात, त्यांची नावं ही. "घरी कशी येणार?" : वस्तीप्रमाणे टोळ्या, प्रत्येक टोळीत एक मोठी मुलगी, सहा वाजून पंचवीस मिनिटांनी निघणार. "हातपाय मोडला तर लग्नाला अडचण" : आधी महिनाभर खो-खो, पकडी नाहीत, कबड्डी मऊ मातीवरच. "अभ्यास बुडेल" : परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात सराव एकच दिवस. शिवाय शालेय स्पर्धांत ठरावीक पातळी गाठली तर दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत आणि राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. हे सांगा, पण नोकरीचं आमिष दाखवू नका; वीसातल्या एकीलाच ते लागू होईल आणि बाकीच्या एकोणीस जणींना खेळाचा तितकाच हक्क आहे.

नावं सांगायची असतील तर जवळची सांगा. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन धावली. त्याच ऑलिम्पिकमध्ये माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत होती. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती.

परवानगीच्या कागदावर आईवडिलांपैकी एकाची सही, जुना आजार, धनुर्वाताची लस (दहाव्या आणि सोळाव्या वर्षी असते) आणि तातडीचा फोन एवढंच घ्या.

कोण शिकवणार

शिकवायला बाई मिळाली तर उत्तम. मिळाली नाही म्हणून काम थांबवू नका, पण पुरुष प्रशिक्षक असेल तर समितीतली बाई मैदानावर असल्याशिवाय शिट्टी वाजणार नाही. पकड दाखवायची तर दोन मुलींवर तोंडी सांगून दाखवायची, हात लावून नाही. फोनवरचे निरोप पालक असलेल्या गटातच, एकट्या मुलीला वेगळा संदेश नाही. स्पर्धेला जाताना मुक्कामी बाई हवीच. हे नियम पहिल्या दिवशी मुलींसमोर वाचा, म्हणजे ते कुणी मोडले तर त्यांना कळेल. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा क्रमांक भिंतीवर लिहा. लैंगिक त्रासाची गोष्ट कानावर आली तर ती गावात "मिटवायची" नसते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्यानुसार माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

आता मैदान

खो-खो आधी, कारण तो सगळ्यांना येतो, अंगाशी झोंबाझोंबी नाही आणि साधी सपाट जमीन चालते. मैदान २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद. दोन खांबांमध्ये २४ मीटर अंतर, खांब जमिनीवर १२० ते १२५ सेंटिमीटर, गुळगुळीत. खांबापासून जवळच्या पाटीपर्यंत (पाटी म्हणजे खेळाडू बसते ती आडवी पट्टी) २.५५ मीटर आणि दोन पाट्यांमध्ये २.३० मीटर सोडलं, प्रत्येक पाटी ३५ सेंटिमीटरची धरली की आठ पाट्या बरोबर बसतात.

कबड्डीला मात्र माती करावीच लागते. महिलांचं मैदान १२ बाय ८ मीटर. भोवती मीटरभर धरून १४ बाय १० मीटरवर काम करा. जमीन सहा इंच खणा, दगड वेचा, ढेकळं फोडा. वर दहा सेंटिमीटर चाळलेली लाल माती टाकायची तर १४ घनमीटर, म्हणजे साधारण ५ ब्रास लागते. दबून बसते म्हणून ६ मागवा. मातीत कुजलेलं शेणखत आणि लाकडाचा भुसा मिसळला की ती भुसभुशीत राहते. ताजं शेण आणि मीठ नको, खरचटलेल्या जागी झोंबतं आणि चिघळतं. काळ्या रानात थेट काळ्या मातीवर मैदान केलं तर उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात चिखल होतो. तिथे खाली मुरमाचा थर द्या. आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडा. टाच दाबल्यावर अर्धा इंच रुतली की माती बरोबर. धूळ उडाली तर कोरडी, पायाला चिकटली तर ओली.

आखणीत कोपरा काटकोनात आला नाही तर सगळं तिरकं जातं. दोरीने ३-४-५ मीटरचा त्रिकोण करून कोपरा धरा, मग दोन्ही कर्ण मोजा : कबड्डीला १४.४२ मीटर, खो-खोला ३१.३८ मीटर. कबड्डीची मध्यरेषा ६ मीटरवर, तिच्यापासून ३ मीटरवर निदान रेषा, आणखी १ मीटरवर बोनस रेषा. दोन्ही लांब बाजूंना आतून १ मीटरचं राखीव क्षेत्र. रेषा फक्कीने मारा. कळीचा चुना अजिबात नको, तो डोळ्यात गेला तर डोळा जातो.

दर सरावाआधी सगळ्यांनी ओळीने चालत मैदान वेचायचं. बाभळीचा काटा आणि बाटलीची काच रोज नव्याने येते.

पहिले बारा आठवडे

पहिले दोन आठवडे लगोरी, साखळी, विषामृत, छोट्या शर्यती. "आउट झाली, बस" असा खेळ नको, कारण सगळ्यात कमी पळणारी मुलगी आधी बाद होते आणि तासभर बघत बसते. बाद झाली की दहा उड्या मारून परत आत. स्पर्धेसाठी निवड या काळात कुणी काढली तर ठामपणे थांबवा. चांगल्या आठजणी निवडल्या की उरलेल्या बाराजणी चौथ्या दिवशी गायब होतात, आणि पुढच्या वर्षी संघ करायला मुलीच उरत नाहीत.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात खो-खो. तासाची वाटणी साधारण अशी : दहा मिनिटं अंग मोकळं करणं, पंधरा मिनिटं एकच कौशल्य (खो देणं, खांबावरून वळणं, सूर), पंचवीस मिनिटं खेळ, दहा मिनिटं ताण देणं आणि गप्पा. त्या गप्पांत कोण येत नाही आणि का, ते कळतं.

वाढत्या वयातल्या मुलींना गुडघ्याच्या आतल्या दोरीची (लिगामेंटची) दुखापत मुलांपेक्षा जास्त होते, बहुतेक वेळा धक्का न लागता, नुसतं वळताना किंवा उडीवरून उतरताना. म्हणून दर सरावात दहा मिनिटं उतरणं शिकवा : जोडपायाने उडी, पंजावर हलकं उतरणं, गुडघे वाकलेले आणि पायाच्या बोटांच्या रेषेत. गुडघे आत वळून एकमेकांकडे आले की थांबवून दुरुस्त करा. मग एका पायावर, मग वळून. पायाचा आवाज ऐकू आला तर उतरणं चुकलं.

सातव्या आठवड्यापासून कबड्डी. सगळ्यात आधी पडायला शिकवा : हनुवटी छातीला, हात पसरून टेकवायचा नाही, खांद्यावरून लोळायचं. मग दम आणि चढाई, मग दोघींची साखळी, मग घोट्याची पकड, शेवटी मांडीची. कमरेची मागून पकड तीन महिने नको. केस आणि कपडे धरणं पहिल्या दिवसापासून बंद. सामन्यात एका बाजूला सात, महिलांना १५-१५ मिनिटांचे दोन डाव, चढाई ३० सेकंदांची; पण सुरुवातीला पाच-पाच जणी आणि सात मिनिटं पुरतात. डोक्याला मार बसला तर त्या दिवशी खेळ बंद, मुलगी "बरं वाटतंय" म्हणाली तरी. उलटी, गुंगी किंवा वाढती डोकेदुखी दिसली तर लगेच दवाखाना.

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत तालुक्यापासून सुरू होतात. नोंदणी शाळेमार्फत होते आणि जन्मतारखेचा पुरावा लागतो. शाळेच्या दाखल्यावरची आणि आधारवरची तारीख जुळत नाही ही नेहमीची अडचण, म्हणून जूनमध्येच दोन्ही तपासा.

बायकांचा गट वेगळा

मुलींच्या आयांनाही यायचं असतं, पण त्यांना कबड्डीत ओढू नका. अर्धा तास झपाझप चालणं, आठवड्यात पाच दिवस, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली १५० मिनिटं भरतात. श्रावणात मंगळागौरीचे खेळ घ्या. झिम्मा, पिंगा, बसफुगडी यांत दम आणि मांड्या दोन्हींचा कस लागतो, आणि त्याला घरातून कुणी हरकत घेत नाही.

बाळंतपणानंतर उडी मारताना, खोकताना लघवीचे थेंब जाणं पुष्कळ बायकांना होतं. त्या सांगत नाहीत, नुसत्या येणं सोडतात. पहिल्याच दिवशी ताईने हे मोकळेपणी बोलावं. उड्या सोडून चालणं द्या आणि हा व्यायाम शिकवा : लघवी रोखताना आवळतात तसे स्नायू पाच सेकंद आवळायचे, पाच सेकंद सैल सोडायचे, दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही. महिना-दीड महिन्यात फरक पडू लागतो. तीन महिन्यांत पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

हजेरीची वही

वहीत नावासमोर वय आणि वस्ती लिहा. महिन्याच्या शेवटी एकूण आकडा बघू नका, कोण गळालं ते बघा. सगळ्या चौदा-पंधरा वर्षांच्या गळाल्या असतील तर कपडे, आडोसा किंवा बघ्यांची अडचण आहे. एकाच वस्तीच्या गळाल्या असतील तर वाट किंवा जात आड येते आहे. तिथल्या एका आईला समितीत घ्या आणि पाण्याची घागर, पेला सगळ्यांचा एकच ठेवा. सलग तीन सराव चुकले की चौथ्या दिवशी ताईने घरी जायचं, रागावायला नाही, विचारायला. शाळेतून नाव काढलं आहे, पाहुणे येऊन गेले आहेत असं कळलं आणि मुलगी अठराच्या आतली असेल तर १०९८ वर कळवा.

पावसाळ्यात मैदान बंद पडतं आणि गट इथेच तुटतो. जून यायच्या आधी समाजमंदिराची किंवा शाळेच्या वऱ्हांड्याची परवानगी घ्या, वीस दोऱ्या आणा. दोरीवरच्या उड्या, सूर्यनमस्कार आणि उतरण्याचा सराव एवढ्यावर चार महिने निघतात. दिवस आणि वेळ मात्र तीच ठेवा : सोमवार, बुधवार, शुक्रवार, पाच वाजता.